आठशे बाय सहाशे

बाई क्लासला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, इथल्या मॅडम कुठे आहेत. मी तेवीस वर्षांची होते आणि दिसायला त्याहूनही लहान. मीच मॅडम, असं सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून मला निरखून पाहिलं.

"तू रेल्वेवाल्या वहिनीची पोट्टी न? हळदीकुंकवाले येत होती आईसंग?"

मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी हात जोडून "नमस्ते मॅडम" म्हटलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. चेष्टेनं नाही, अगदी मनापासून. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. शिकवणाऱ्याला मान द्यायचा हे त्यांच्या अंगातच होतं.

तेव्हा रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती. नवी खाती जुन्या इमारतींत थाटली जात होती, पाट्या बदलत होत्या, आणि ज्याला त्याला वाटत होतं की कॉम्प्युटर आला की त्यातल्या एखाद्या खात्यात नोकरी लागेल. आमचा कॉम्प्युटर क्लास ब्राह्मणपाऱ्यात एका स्टेशनरीच्या दुकानावर होता. सहा मशीन, त्यातलं एक कायम बंद. मी एका वर्षाचा डिप्लोमा केला होता आणि त्या जोरावर दुसऱ्यांना शिकवत होते. मला जेवढं येत होतं ते मी चांगलं शिकवायचे. जे येत नव्हतं तेही तितक्याच ठामपणे सांगायचे, हे मला फार उशिरा कळलं.

बाईंना नोकरी नको होती. त्यांना चित्र काढायचं होतं. शाळेत शेवटच्या वर्षी कॉम्प्युटर आले होते आणि एका मुलीनं त्यावर फूल काढून दाखवलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की आपणही हे करून पाहावं. लग्न केलेलं नव्हतं. भाच्याच्या घरी राहायच्या, क्लासपासून चार गल्ल्या सोडून. दुपारी तीनला पायी यायच्या आणि पाचला जायच्या.

पहिले दोन आठवडे माऊस त्यांच्या हातात बसेना. मग एक दिवस त्यांनी तो मुठीत न धरता खडूसारखा बोटांच्या टोकांत धरला, आणि रेघ सरळ आली. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी शिकवलेलं त्या एका जुन्या वहीत लिहून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आधी येऊन करून ठेवायच्या.

तेवढ्यात त्यांच्या शाळेचं पत्र आलं. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन होतं आणि या खेपेला जुन्या मुलींनाही बोलवायचं ठरलं होतं. रंगमंचाच्या मागच्या पडद्यासाठी बाईंनी चित्र करून द्यावं, अशी मुख्याध्यापिकांची इच्छा होती. गावात फ्लेक्सची छपाई नवी नवी होती. कापडावर रंगवण्यापेक्षा कॉम्प्युटरवर काढून छापता येईल का, असं बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, का नाही येणार.

त्यांनी ठरवलेलं चित्र असं होतं: शाळेचं अंगण, मधोमध कडुनिंब, आणि त्याखाली तीन ओळींत अठ्ठावीस मुली. नोकरीच्या प्रत्येक वर्षातली एक मुलगी, आणि प्रत्येक मुलगी खरी. कुणाच्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी, कुणाचा दात पुढे, कुणी मान तिरपी करून उभी राहणारी. कुणाचाही फोटो समोर नव्हता. "मले सगळ्या दिसतात," त्या म्हणाल्या.

फाइल मी उघडून दिली. रुंदी किती, उंची किती, अशा चौकटी समोर आल्या तेव्हा मी आठशे आणि सहाशे लिहिलं. आमच्या स्क्रीन तेवढ्याच होत्या. त्याहून मोठी फाइल घेतली की मशीन अडकायचं आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं. मला वाटलं, चित्र स्क्रीनभर दिसतंय म्हणजे झालं. आठशे कशाचे आणि सहाशे कशाचे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

तो बाईंच्या मनात आला. आठवडाभरानं सगळा वर्ग बसलेला असताना त्यांनी हात वर केला.

"मॅडम, एक समजून घ्यायचं होतं. आम्ही लहान चित्र मोठं करतो तेव्हा त्याच्यावर चौकोन आखतो. मोठ्या कागदावर मोठे चौकोन. मंग एकेका चौकोनातली रेघ पाहून पुन्हा काढतो. लहान्यात जे नसते ते मोठ्यात आपल्याले भरावं लागते. इथं ते कोण भरते?"

"कॉम्प्युटर भरतो, बाई."

"पण त्याले कसं समजते, तिथं काय होतं ते?"

इतर मुलं माझ्याकडे पाहत होती. त्यात दोघं-तिघं माझ्याच वयाची होती. आमच्या डिप्लोम्याच्या पुस्तकात एक ओळ होती: छपाईसाठी रिझोल्यूशन तीनशे ठेवावे. ती मला पाठ होती. मी सांगितलं की शेवटी एका चौकटीत आधीपासून असलेल्या बहात्तरच्या जागी तीनशे लिहायचं असतं, की चित्र छपाईलायक होतं. सुरात थोडी चीड होती, असं मला आठवतं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. "अच्छा, तीनशे," असं पुटपुटल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

आज तो प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्याला तिथेच नोकरी दिली असती. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे आखलेले चौकोनच असतात, एकेका चौकोनात एकेक रंग. आडवे आठशे आणि उभे सहाशे, एवढेच चौकोन बाईंकडे होते. चित्र हातभर करा की भिंतभर, चौकोन तेवढेच राहतात, फक्त एकेक चौकोन फुगत जातो. तीनशे हा आकडा दर इंचात किती चौकोन छापायचे ते सांगतो. चौकोनच नसतील तर आकडा लिहून ते येत नाहीत. मशीन शेजारच्या दोन रंगांच्या मधला रंग अंदाजानं भरतं आणि मोकळं होतं. बाईंनी चौकोन आखूनच आयुष्य काढलं होतं. त्यांना हे दोन मिनिटांत समजलं असतं. समजावणारीला समजलेलं नव्हतं.

त्यांनी ते चित्र चार महिने काढलं. मुलींचे चेहरे स्क्रीनवर जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढे होते. एकेक चेहरा त्या खूप मोठा करून घ्यायच्या, इतका की स्क्रीनवर नुसते रंगाचे ठोकळे दिसत, आणि त्यात एकेक ठोकळा बदलायच्या. मग पुन्हा लहान करून, खुर्ची मागे ढकलून, डोळे बारीक करून पाहायच्या. एका मुलीच्या ओठांची कड उजवीकडे थोडी वर जायची. त्या एका ठोकळ्यासाठी त्यांनी अख्खी दुपार घालवली. पाचला उठताना मला बोलावून म्हणाल्या, "पाह्य, आता हसून राहिली ते." खरंच ती हसत होती.

संमेलनाला आठ दिवस असताना चित्र पूर्ण झालं. मी तीनशे लिहिलं. मशीन बराच वेळ थबकलं, फाइल खूप जड झाली, आणि मला वाटलं काम झालं. सीडी घेऊन मी पंडरीच्या बाजारात फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि पडदा सोळा फूट रुंद हवा म्हणून सांगितलं. तिथला छपाईवाला चाळिशीचा, शांत माणूस होता. त्यानं फाइल उघडली, एका मुलीचा चेहरा मोठा केला आणि माझ्याकडे वळला.

"दीदी, ये ओरिजिनल कितने में बना है?"

मी आठशे बाय सहाशे म्हटलं, आणि आता तीनशे केलंय असंही सांगितलं. तो हसला नाही. त्यानं मान हलवली.

"नंबर बढ़ाने से क्या होगा? जो बना ही नहीं, वो कहाँ से आएगा? सोलह फुट में फट जाएगी।"

फाटणं म्हणजे काय ते त्यानं स्क्रीनवरच दाखवलं. सोळा फुटांवर जसं छापून येईल तसा एक चेहरा त्यानं मोठा केला. डोळ्यांच्या जागी दोन धुरकट डाग होते, ओठ नव्हते. स्क्रीनवर एका ठोकळ्यात होतं ते पडद्यावर पाव इंचाचं होणार होतं, आणि त्याच्या कडा आजूबाजूला पसरणार होत्या. मग त्यानं स्वतःहूनच दोन उपाय सांगितले. चित्र लहान छापून दाराशी लावा, सुंदर दिसेल. नाहीतर बाईंना म्हणावं, आठ दिवसांत कागदावर मोठं काढून द्या, आपण तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करू.

म्हणजे मला सगळं कळलं होतं. नंतर मी मनाशी अनेकदा असं मांडून पाहिलं की तेव्हा मी अजाण होते, लहान होते, नीट समजलं नव्हतं. पण तसं नव्हतं. मी त्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होते आणि मला कळलं होतं की चार महिन्यांपूर्वी मी चुकीचं सांगितलं. आठ दिवस हातात होते. बाईंचं घर वाटेवर होतं.

जायचं म्हणजे सांगायला लागणार होतं की तुमचा प्रश्न बरोबर होता. भर वर्गात विचारलेला तो प्रश्न मला शब्दन् शब्द आठवत होता. मी छपाईवाल्याला म्हटलं, तुम्ही छापा, लांबूनच बघायचंय. त्यानं खांदे उडवले. "आपकी मर्जी, दीदी।"

संमेलनाला मी गेले. न जाणं बरं दिसलं नसतं. मैदानाच्या फाटकातून आत शिरले तेव्हा रंगमंच समोरच होता, आणि तिथून चित्र सुरेख दिसत होतं. अंगण, कडुनिंब, मुलींच्या तीन ओळी. क्षणभर वाटलं, मी उगीच घाबरले. बाई मोतिया रंगाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. जुन्या मुली येत होत्या. कुणी भिलाईहून, कुणी दुर्गहून, काही लेकरांना घेऊन. बाईंनी आपल्याला चित्रात घेतलंय, हे कुणाकुणाला आधीच कळलं होतं. त्या रंगमंचाकडे निघाल्या, स्वतःला शोधायला.

जसजशा त्या जवळ गेल्या तसतसे चेहरे विरत गेले. मी मागून हे पाहत होते. एक जुनी विद्यार्थिनी, असेल पस्तिशीची, दुसऱ्या ओळीसमोर उभी राहिली, पुढे झाली, पुन्हा चार पावलं मागे आली. "मैं कौन सी हूँ, बाई?" तिनं विचारलं. बाई उठून तिच्याजवळ गेल्या. त्यांनी बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. त्यांनाही सांगता येईना. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी तेच दोन डाग होते. शेवटी त्यांनी रिबिनीच्या रंगावरून ओळखलं आणि म्हणाल्या, ही. ती हसली, खूप छान आहे म्हणाली आणि लेकराला घेऊन खुर्चीकडे गेली. कुणीच नावं ठेवली नाहीत. मुख्याध्यापिकांनी माईकवरून बाईंचं कौतुक केलं, शाल दिली.

कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणं चाललं होतं तेव्हा बाईंनी मला हाक मारली. त्या पडद्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"काहून असं झालं असंल?" त्यांनी विचारलं. "क्लासमधे तं मले बरोबर दिसून राहिलं होतं. माझ्या डोळ्यांतच काही झालं का? मले दिसलं एक अन् हातानं काढलं भलतंच?"

उत्तर त्यांनीच मला आयतं दिलं होतं. मी ते घेतलं.

"असू शकतं, बाई. स्क्रीनकडे जास्त वेळ पाहिलं की डोळ्यांवर ताण येतो. एकदा दाखवून घ्या."

"हव," त्या म्हणाल्या. "दाखवते."

सोमवारी त्या क्लासला आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. पंधरा दिवसांनी त्यांची भाचेसून मला बाजारात भेटली. डोळे तपासले, मोतीबिंदूची सुरुवात आहे, डॉक्टर म्हणाले अजून ऑपरेशनची गरज नाही, असं तिनं सांगितलं. साठीच्या माणसाला ते असायचंच. पण बाईंनी त्यावरून जे समजायचं ते समजून घेतलं होतं. भाचेसून म्हणाली की आता त्या कागदालाही हात लावत नाहीत. दर वर्षी चैत्रगौरीपुढचा रांगोळीचा चौक त्याच काढायच्या, या वर्षी आतापासूनच म्हणतात तूच काढ, माझ्या नजरेचा भरवसा नाही.

मी तिथे भाजीची पिशवी घेऊन उभी होते. तेव्हाही सांगता आलं असतं. भाचेसुनेजवळ निरोप दिला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, काळजी घ्या म्हणावं.

दोन वर्षांनी मी क्लास सोडला आणि एका जाहिरात कंपनीत लागले. सरकारी खात्यांची प्रदर्शनं, पाट्या, पुस्तिका अशी कामं होती. राजधानीत ती भरपूर होती. पहिल्याच दिवशी तिथल्या वरिष्ठांनी कोरी फाइल उघडायला सांगितली आणि विचारलं, हे कुठे लागणार आहे, किती फूट, आणि माणूस किती लांबून पाहणार? हे आधी विचारायचं असतं आणि मग रुंदी-उंची लिहायची असते, हे माझ्या डिप्लोम्यात कुठेच नव्हतं. पुढे मी त्या कामात बरी तरबेज झाले. नव्यांना शिकवायची पाळी आली तेव्हा सुरुवात मी चौकोनांपासूनच करायचे, एका बाईंनी विचारलं होतं तसं. सगळे म्हणत, मॅडम फार सोपं करून सांगतात. मला ते ऐकवत नसे.

बाईंकडे मी गेले तेव्हा मधे नऊ वर्षं गेली होती. जुनी सीडी सापडली, हे निमित्त. मी ते चित्र त्याच्या योग्य मापात छापून घेतलं. आठशे चौकोनांना कागदावर चार इंच पुरतात. चार बाय तीन इंच, पोस्टकार्डाहूनही लहान. पण त्यात सगळ्या मुली होत्या, आणि जिच्या ओठांची कड वर जाते तीही हसत होती.

बाई ओसरीवर पाटावर बसून मटार सोलत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, चष्मा बदलला होता, बाकी त्या तशाच होत्या. मी चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आत जाऊन भिंग आणलं आणि एकेक चेहरा पाहत राहिल्या. ही बिलासपूरला आहे. हिचा नवरा गेला. हिची पोट्टी आता माझ्याच शाळेत शिकवते. तिसऱ्या ओळीच्या शेवटापर्यंत त्या गेल्या आणि मग भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे मी बरोबर काढलं होतं."

मी सगळं सांगितलं. आठशे आणि सहाशे मी लिहिले होते इथपासून, पंडरीच्या छपाईवाल्यानं काय दाखवलं होतं, आठ दिवस होते, आणि मैदानात त्यांनी विचारलं तेव्हा मला कारण माहीत होतं, इथपर्यंत. त्यांनी मधे अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाल्या,

"आठ दिवस होते तुझ्यापाशी. मले सांगितलं असतं तं मी कागदावर काढून दिलं असतं. आठ दिवस मले पुष्कळ झाले असते."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण ती माफ केलं अशी नव्हती, ऐकलं अशी होती.

"चूक तं होते," त्या म्हणाल्या. "मीबी पोरींले किती वेळा चुकीचं शिकवलं असंल. पण तुले माहीत होतं, अन् तू मले डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं."

मग त्यांनी भाचेसुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि मटार पुन्हा पुढ्यात ओढले. मीही सोलू लागले.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिले. एकदा ऑफिसमधला पेनचा पॅड नेला. त्यावर कागदावरच्यासारखं काढता येतं, आणि फाइल हवी तेवढी मोठी घेता येते, असं सांगून पाहिलं. त्यांनी पेन हातात घेतला, वजन पाहिलं आणि परत दिला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, तेव्हा पोरी डोळ्यांपुढे उभ्या होत्या, आता आठवावं लागतं. हातही थांबला तो थांबलाच. ते लहान चित्र त्यांनी देवघराच्या कपाटात ठेवलं आहे, असं भाचेसुनेकडून कळलं. माझ्यासमोर त्यांनी ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

पुढे भाच्याची नागपूरला बदली झाली आणि त्या त्यांच्याबरोबर गेल्या. फोनवर बोलणं होतं. आईची चौकशी करतात, माझ्या नोकरीची करतात. तुम्ही मला माफ केलं का, असं विचारायचं मी अनेकदा ठरवते आणि न विचारताच फोन ठेवते. बाईंना खोटं बोलता येत नाही. विचारलं तर त्या खरं काय ते सांगतील.